नगरपरिषदेची खरेदी आणि निविदा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या खरेदीबद्दल आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न पुढे दिले आहेत. स्थापत्य, लेखा, पाणीपुरवठा आणि ई-निविदा यांचे रोजचे काम असणाऱ्यांनी मिळून उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : मी ‘क’ वर्ग नगरपरिषदेत पहिल्यांदाच निवडून आले आहे. सभेत निविदेचे विषय भराभर वाचले जातात आणि ‘मंजूर, मंजूर’ म्हणून पुढे जातात. हात वर करण्याआधी मी नेमके काय मागावे?

उत्तर : ताई, आधी कामाचा क्रम पाठ करा. अर्थसंकल्पात तरतूद, कामाचे अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता (काम आणि खर्चाला होकार), तांत्रिक मान्यता (अभियंत्याने अंदाजपत्रक तपासून दिलेली), निविदा सूचना, लिफाफे (आधी तांत्रिक, मग दराचा) उघडणे, दरमंजुरी, सुरक्षा ठेव आणि करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप आणि शेवटी देयक. यात विषय तुमच्यापुढे साधारण दोनदा येतो, एकदा प्रशासकीय मान्यतेला आणि एकदा दरमंजुरीला. बहुतेक सदस्य दुसऱ्या वेळी प्रश्न विचारतात, कारण तेव्हा ठेकेदाराचे नाव कागदावर आलेले असते. पण तोवर परिमाणे, दर आणि अटी ठरून गेलेल्या असतात. विचारायचे ते पहिल्या वेळी विचारा.

त्या वेळी तीन गोष्टी मागा. पहिली म्हणजे अंदाजपत्रकाची पूर्ण प्रत, गोषवाऱ्याचे एक पान नव्हे. प्रत्येक बाबीसमोर दर कुठल्या दरसूचीतला आणि कोणत्या वर्षाचा आहे ते लिहिलेले असते. रस्ता-इमारतीला सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची, पाणीपुरवठ्याला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची. दरसूचीत नसलेल्या बाबीला दर पृथक्करण (साहित्य, मजुरी असा दराचा फोडून केलेला हिशेब) किंवा बाजारातली दरपत्रके जोडलेली हवीत. फुगवटा असला तर बहुधा याच बाबींत सापडतो. खेळणी, शोभेचे दिवे, बाकडी, ओपन जिम, कारंजी यांचे दर आधी वाचा.

दुसरी गोष्ट, परिमाणांचा हिशेब. रस्ता 200 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर जाड असेल तर काँक्रीट 120 घनमीटर होते. हा गुणाकार सभेत बसल्या बसल्या मोबाइलवर करता येतो. जागेवर गल्ली 3 मीटरचीच असेल, तर तेही तिथेच सांगता येते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पात्रतेच्या अटी. तुलनेला केंद्रीय दक्षता आयोगाचे 17 डिसेंबर 2002 चे परिपत्रक हाताशी ठेवा. मागील 7 वर्षांत केलेली समान स्वरूपाची तीन कामे अंदाजित रकमेच्या 40 टक्क्यांची, किंवा दोन कामे 50 टक्क्यांची, किंवा एक काम 80 टक्क्यांचे, आणि मागील तीन वर्षांची सरासरी उलाढाल 30 टक्के, असे त्यातले प्रमाण आहे. ते केंद्राच्या कामांसाठी लिहिलेले असले तरी मापदंड म्हणून चांगले आहे. 20 लाखांच्या गटारीला 2 कोटींची उलाढाल मागितली असेल, तर कारण लेखी मागा. ‘याच जिल्ह्यातील नगरपरिषदेत केलेले काम’, ‘30 किलोमीटरच्या आत स्वतःच्या मालकीचा डांबर प्लांट’ या अटी कोणाच्या तरी मापाने शिवलेल्या असू शकतात.

जागा पाहणीच्या दाखल्याकडे विशेष लक्ष द्या. ठेकेदाराने जागा पाहावी हे योग्यच आहे. पण अभियंत्याच्या सहीचा दाखला सक्तीचा केला, की निविदा भरू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला कार्यालयाची पायरी चढावी लागते आणि कोण कोण भरणार हे लिफाफा उघडण्याआधीच गावभर होते. त्याऐवजी ‘जागा पाहिली आहे’ असे ठेकेदाराचे स्वतःचे घोषणापत्र पुरते.

उत्तर मिळाले नाही तर विरोध तोंडी ठेवू नका. लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 च्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. तिथे तुमचा नोंदवलेला विरोध कामी येतो.

प्रश्न : नगरपंचायतीत लिपिक आहे. पथदिव्यांचे साहित्य प्रभागवार घ्यायला सांगितले आहे, म्हणजे प्रत्येक प्रभागाचे अडीच-पावणेतीन लाख होतात आणि ई-निविदेऐवजी दरपत्रकांवर (कोटेशनवर) काम भागते. नस्तीवर (फाइलवर) मी काय लिहू?

उत्तर : यालाच तुकडे पाडणे म्हणतात आणि लेखापरीक्षणात पहिला आक्षेप याच्यावर निघतो. 17 प्रभागांचे प्रत्येकी 2 लाख 70 हजार म्हणजे 45 लाख 90 हजारांची एक खरेदी. साहित्य एक, लेखाशीर्ष एक, आर्थिक वर्ष एक आणि मंजुरीच्या तारखा लागोपाठ असतील, तर लेखापरीक्षक बेरीज करूनच पाहणार.

3 लाखांपासून पुढे ई-निविदा ही मर्यादा 26 नोव्हेंबर 2014 च्या शासन निर्णयाने आली आणि 1 डिसेंबर 2016 च्या खरेदी नियमपुस्तिकेतही ती होती. नंतरच्या निर्णयांनी काही कामांसाठी व खरेदीसाठी ती वाढली आहे. म्हणून नस्तीत मर्यादेचा आकडा लिहिताना चालू शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांक लिहा आणि त्याची प्रत लावा. ‘प्रचलित नियमानुसार’ हे शब्द पुढे तुमच्याच अंगाशी येतात.

टिपणी साधी ठेवा : ‘वर्षाची एकत्रित गरज इतके नग, अंदाजित किंमत इतकी, ही रक्कम ई-निविदेच्या मर्यादेवर जाते, सबब एकत्रित निविदा प्रस्तावित.’ वरिष्ठांनी वेगळा निर्णय घेतला तर तो त्यांच्या सहीने येऊ द्या. प्रभागवार पुरवठा खरोखरच सोयीचा असेल तर एकाच निविदेत लॉट पाडता येतात. बल्ब, चोक, केबल अशा सतत लागणाऱ्या वस्तूंना वर्षभराचा दर करार उत्तम. त्यात अंदाजित परिमाण टाका आणि मागणी तितकीच होईल याची हमी नाही, हे स्पष्ट लिहा. जेम या सरकारी खरेदीच्या केंद्रीय पोर्टलवर वस्तू असेल तर तिथला दर आधी पाहा. राज्याने 24 ऑगस्ट 2017 च्या निर्णयाने ते स्वीकारले आहे. पण तिथेही छोट्या छोट्या मागण्या टाकल्या तर तारखांसह सगळे दिसते.

मर्यादेच्या आतल्या खऱ्या दरपत्रकांबाबतही काळजी हवी. तीन दरपत्रके एकाच हस्ताक्षरात, एकाच दिवशी, एकाच पाकिटातून आलेली, एकावर जीएसटी क्रमांक नाही, दुसऱ्यावर आवक क्रमांक नाही, अशा नस्त्या ढिगाने सापडतात. बंद पाकीट, आवक नोंदवहीतला क्रमांक, उघडताना दोघांच्या सह्या, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश आणि साठा नोंदवहीत घेतल्याचा पान क्रमांक, एवढी साखळी जुळली की देयक अडत नाही.

प्रश्न : माझे विद्युत साहित्याचे दुकान आहे. महाटेंडर्सवर (राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर) दोनदा निविदा भरली. एकदा वेळ संपली, एकदा ‘तांत्रिक अपात्र’ आले. चुकते कुठे?

उत्तर : बहुतेकांचे चुकते ते पुढच्या ठिकाणी. डिजिटल सही वर्ग 3 ची लागते आणि ती व्यक्तीच्या नावावर असते. भागीदारी संस्था असेल तर त्या व्यक्तीला दिलेले अधिकारपत्र जोडावे लागते. मुदत संपलेला टोकन (ही सही असलेला यूएसबी) शेवटच्या दिवशी लक्षात येतो, म्हणून निविदा डाउनलोड करतानाच तो लावून लॉगिन करून पाहा.

बयाणा रक्कम (निविदेसोबतची अनामत) एनईएफटी किंवा आरटीजीएसने भरणार असाल तर पोर्टलवरून निघालेले चलन त्या एका निविदेपुरतेच असते. त्यावरचा खाते क्रमांक आणि रक्कम पैशापर्यंत जुळावी लागते. पैसे पोर्टलवर दिसायला वेळ लागतो, म्हणून किमान दोन कामाचे दिवस आधी भरा. बँकेतून पैसे गेले पण पोर्टलवर आले नाहीत, तर निविदा पुढे सरकतच नाही.

कागदपत्रे 100 डीपीआयवर, काळ्या-पांढऱ्या रंगात स्कॅन करा. मोबाइलने काढलेले रंगीत फोटो प्रत्येकी काही एमबीचे होतात आणि शेवटच्या तासाला चढत नाहीत.

निविदेतले दर भरायची एक्सेल फाइल म्हणजे बीओक्यू. तिचे नाव बदलू नका, ओळ-रकाना वाढवू नका, मॅक्रो सुरू ठेवा आणि फक्त भरण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या चौकटीच भरा. टक्केवारीच्या निविदेत, म्हणजे बी-1 मध्ये, एक यादी येते. त्यात ‘लेस’ किंवा ‘एक्सेस’ निवडायचे असते. 8 टक्के कमी भरायचे आणि निवडले गेले ‘एक्सेस’, अशी चूक उघडल्यावर दुरुस्त होत नाही. भरल्यानंतर तळाची अक्षरी रक्कम मोठ्याने वाचा. ती अंदाजपत्रकापेक्षा कमी आहे का, ते पाहा. तुमच्यासारख्या पुरवठादाराला बहुतेक बी-2, म्हणजे बाबनिहाय दर असतात. तिथे दर जीएसटीसह की जीएसटी सोडून, हे निविदेत शोधून मगच आकडा टाका.

फाइल चढली म्हणजे निविदा गेली असे नाही. शेवटी निविदा ‘फ्रीझ’ करावी लागते. त्यानंतर निविदा क्रमांक, दिनांक आणि वेळ असलेली पोचपावती निघते. ती निघाली नसेल तर तुम्ही निविदा भरलेली नाही. वेळ सर्व्हरच्या घड्याळाची धरतात, तुमच्या संगणकाची नाही. मुदतीच्या आत दर बदलून पुन्हा सादर करता येते. पण एकदा निविदा मागे घेतली की त्याच कामाला पुन्हा भरता येत नाही. शुद्धिपत्रक आले का, हे आदल्या संध्याकाळी पाहा. बीओक्यू बदलला असेल तर जुन्या फाइलवर भरलेले दर उपयोगाचे नाहीत.

‘तांत्रिक अपात्र’ ठरल्याचे कारण मूल्यमापन अहवालात लिहिलेले असते. अहवाल पोर्टलवर दिसला की लगेच, दराचा लिफाफा उघडण्याआधी, लेखी हरकत द्या. दर उघडल्यावर दिलेल्या हरकतीला वजन राहत नाही.

प्रश्न : आमच्या गल्लीतला काँक्रीट रस्ता 22 टक्के कमी दराने गेला. नगरपरिषदेचे पैसे वाचले म्हणून समाधान मानावे का?

उत्तर : काम पुरे झाले तरच. वर धरलेलाच रस्ता घ्या, 200 मीटर × 4 मीटर × 15 सेंटिमीटर, म्हणजे 120 घनमीटर. आता रुंदी 3.60 मीटर आणि जाडी 13 सेंटिमीटर टाकली तर काँक्रीट होते 93.6 घनमीटर. फरक 26.4 घनमीटर, बरोबर 22 टक्के. बाजूने 40 सेंटिमीटर आणि खालून 2 सेंटिमीटर, डोळ्याला सहज न दिसणाऱ्या एवढ्या कपातीत सगळी सूट वसूल होते. मोजमाप पुस्तिकेत 4 मीटर आणि 15 सेंटिमीटर लिहिले गेले, तर वाचलेले पैसे कागदावरच राहिले.

म्हणून मोजणी काँक्रीट पडण्याआधी करा. साच्याची पट्टी उभी असते तेव्हा तिची उंची टेपने मोजता येते. रुंदी दर 20 मीटरवर मोजा, गल्लीच्या तोंडाशीच नव्हे. खालची भर समतल आहे का पाहा, कारण कडेला 15 आणि मध्ये 11 सेंटिमीटर असा प्रकार तिथेच लपतो. घन चाचणीसाठी, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद पाहण्यासाठी, आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे 120 घनमीटरला 6 नमुने, प्रत्येकी 3 घन म्हणजे 28 दिवसांच्या ताकदीसाठी 18 घन लागतात. घन ओतताना त्यावर तारीख आणि कामाचे नाव कोरले जाते का, तेवढे पाहिले तरी पुष्कळ.

कमी दराची भीती कार्यालयालाही असते. अनेक नगरपरिषदा बांधकाम विभागाच्या धर्तीवर अतिरिक्त सुरक्षा ठेवीची अट टाकतात. त्या अटीचे नेहमीचे गणित असे : 10 टक्क्यांपर्यंत कमी असेल तर 1 टक्का, त्यापुढे 15 टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्याला 1 टक्का, आणि 15 च्या पुढे प्रत्येक टक्क्याला 2 टक्के. 22 टक्के कमी म्हणजे 1 + 5 + 14, एकूण 20 टक्के. 15 लाखांच्या कामाला 3 लाख रुपये. तुमच्या कामाच्या निविदेत ही अट होती का आणि ठेव कार्यारंभ आदेशाच्या आधी जमा झाली का, हे विचारा. ठेव न घेताच काम सुरू करणे ही सर्रास घडणारी गोष्ट आहे आणि तिचा तोटा नगरपरिषदेलाच होतो.

ठेकेदारांनीही 22 टक्के लिहिण्याआधी वजावटी मांडाव्यात. आयकर व्यक्तीला 1 आणि कंपनी-भागीदारीला 2 टक्के, करार अडीच लाखांवर असेल तर जीएसटीची 2 टक्के कपात, बांधकाम कामगार उपकर 1 टक्का, शिवाय सुरक्षा ठेव आणि गौण खनिजाचे स्वामित्वधन. कराची कपात नंतर वळती होते, पण काम चालू असताना पैसा अडकतोच.

प्रश्न : आमच्याकडे प्रत्येक कामाला तीनच निविदा येतात आणि तिन्ही नावे तीच. हे सिद्ध कसे करायचे?

उत्तर : एका कामावरून काही कळत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांची 15-20 कामे घ्या आणि तक्ता मांडा : कामाचे नाव, अंदाजित रक्कम, तिन्ही निविदाधारक, तिन्ही दर, पात्र-अपात्र, काम कोणाला. मग काही गोष्टी आपोआप वर येतात. कामे पाळीपाळीने वाटली जातात का? हरणारे दोघे कायम अंदाजपत्रकाच्या वर आणि जिंकणारा अगदी थोडा खाली असतो का? बाहेरचा चौथा आला की दर एकदम 15-20 टक्क्यांनी उतरतो का? तो चौथा दरवेळी तांत्रिक लिफाफ्यातच बाद होतो का? हरलेल्या ठेकेदाराचीच यंत्रे आणि माणसे जिंकलेल्याच्या कामावर दिसतात का?

निविदाधारकांची नावे, दर आणि मूल्यमापनाचा सारांश निविदा उघडल्यानंतर पोर्टलवर पाहता येतो, त्याला अर्जाची गरज नाही. बाकीसाठी माहिती अधिकार आहे. 10 रुपयांचा अर्ज, उत्तराला 30 दिवस. ‘भ्रष्टाचाराची माहिती द्यावी’ असे न लिहिता कागदाचे नाव लिहा : तांत्रिक मूल्यमापन अहवाल, तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने, चाचणी अहवाल, अंतिम देयक. कायद्याच्या कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्कही आहे. फारच थोडे लोक तो वापरतात.

संगनमत करून निविदा भरणे स्पर्धा अधिनियम, 2002 च्या कलम 3 खाली येते. पुणे महानगरपालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांमध्ये असे संगनमत झाल्याचे भारतीय स्पर्धा आयोगाने 2018 मध्ये ठरवले आणि दंड केला. काही निविदा केवळ संख्या भरण्यासाठी टाकल्या होत्या आणि त्या एकाच आयपी पत्त्यावरून गेल्याचे तपासात निघाले. आयपी पत्ता आणि बयाणा रक्कम कोणाच्या खात्यातून गेली, या दोन गोष्टी नगरपरिषद स्वतः तपासू शकते. मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहून ही तपासणी मागा आणि तुमचा तक्ता सोबत जोडा.

प्रश्न : नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमातील कलम 58(2) वापरून नगराध्यक्षांनी नालेसफाईचे काम थेट दिले. हे चालते का?

उत्तर : हे कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे. मुख्य जलवाहिनी फुटली, पंप जळला, भिंत कोसळली, अशा वेळी सभेची वाट न पाहता काम सांगता येते आणि तसे केल्याची माहिती पुढच्या सभेपुढे ठेवावी लागते. पावसाळा दरवर्षी जूनमध्येच येतो. त्याआधीची नालेसफाई तातडीची होते ती निविदा मार्चमध्ये न काढल्यामुळे. आदेशात तातडीचे कारण काय लिहिले आहे आणि अहवाल कोणत्या सभेपुढे आला, याच्या प्रती मागा.

प्रश्न : नगरसेवकाच्या भावाला निविदा भरता येते का?

उत्तर : त्याचा व्यवसाय खरोखर स्वतंत्र असेल तर केवळ नात्यामुळे तो बाद होत नाही. पण नगरसेवकाचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध त्या कंत्राटात असेल, तर 1965 च्या अधिनियमातील कलम 16 आणि 44 खाली त्याचे सदस्यत्व धोक्यात येते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. पैशाचा व्यवहार, हमी, एकाच पत्त्यावरची नोंदणी असा पुरावा लागतो, गावातली चर्चा नव्हे.

प्रश्न : पाणीपुरवठा विभागात पर्यवेक्षक आहे. ब्लीचिंग पावडर सर्वांत कमी दराची घेतली, तरी वर्षभरात तरतूद संपते आणि शेवटच्या टोकाला क्लोरिन मिळत नाही. निविदेत काय बदलू?

उत्तर : दर किलो पावडरीचा मागू नका, तिच्यातल्या क्लोरिनचा हिशेब करा. रोजचा पुरवठा 50 लाख लिटर आणि मात्रा लिटरला 2 मिलिग्रॅम धरली तर दिवसाला 10 किलो क्लोरिन लागतो. पावडरीत 33 टक्के उपलब्ध क्लोरिन असेल तर साधारण 30 किलो पावडर पुरते. 25 टक्के असेल तर 40 किलो लागते. उदाहरणादाखल 33 टक्क्यांची पावडर 28 रुपये किलो आणि 25 टक्क्यांची 24 रुपये किलो धरा. क्लोरिनचा किलोमागे खर्च पहिलीत सुमारे 85 रुपये आणि दुसरीत 96 रुपये येतो. कमी दराची पावडरच महाग पडली.

विनिर्देशात आयएस 1065 (ब्लीचिंग पावडरीचे भारतीय मानक), श्रेणी आणि पोचतेवेळचे किमान उपलब्ध क्लोरिन ही तिन्ही लिहा. ‘पोचतेवेळचे’ हा शब्द सोडू नका, कारण कारखान्याचा दाखला माल निघतानाचा असतो आणि ही पावडर उष्णतेने व दमटपणाने उतरत जाते. त्याच कारणाने वर्षाचा सगळा माल एकदम घेऊ नका. वर्षाला सुमारे 11 टन लागत असेल तर दरमहा 25 किलोच्या 37 गोण्या असा टप्पा पाडा आणि उत्पादनाचा महिना गोणीवर छापलेला असावा अशी अट घाला.

प्रत्येक खेपेतून तीन-चार गोण्यांच्या मधला नमुना घ्या, वरचा थर नको. पुरवठादाराच्या माणसासमोर सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल येईपर्यंत त्या खेपेचे देयक धरून ठेवण्याची मुभा निविदेतच असू द्या. किती टक्क्यांखाली प्रमाणात कपात आणि किती खाली माल परत, हे दोन्ही आकडे आधी लिहिलेले नसतील तर नंतर वादच होतो. गोण्या फळीवर, भिंतीपासून सोडून, सावलीत रचा आणि आधी आलेली आधी वापरा. एवढे होऊनही शेवटच्या नळाला ओटी चाचणीत (पाण्यातला उरलेला क्लोरिन रंगावरून पाहण्याची चाचणी) लिटरला 0.2 मिलिग्रॅम दिसत नसेल, तर दोष पावडरीत नाही. वाहिनीतली गळती किंवा मात्रा देणारी टाकी तपासायला घ्या.